तिकिटावरची बाई

मालागाबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं ते ऑफिसच्या पँट्रीत, वाटाण्याची उसळ मायक्रोवेव्हमध्ये गरम करताना. सिंगापुरातल्या वन-नॉर्थ भागातल्या त्या इमारतीत आमच्या मजल्यावर एक स्पॅनिश मुलगी नुकतीच रुजू झाली होती. तिला माझ्या उसळीचा वास आवडला. असं त्या मजल्यावर आधी कधी घडलं नव्हतं, म्हणून मी अर्धी उसळ तिला काढून दिली. खाता खाता ती तिच्या गावाबद्दल सांगायला लागली. दक्षिण स्पेनमधलं समुद्रकाठचं शहर. वाळूवर जुन्या होड्या ठेवतात, त्यात निखारे पेटवतात आणि काठीला टोचून मासे भाजतात. दुपारी जेवून अख्खं गाव दारं लावून झोपतं. सिंगापुरात दुपारी झोपलेलं माणूस मी फक्त एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत बघितलं होतं, तेही उभ्याने. मी तिथल्या तिथे ठरवलं की मालागाला जायचं.

नवऱ्याला सांगितलं तर तो आधी चेष्टा समजला. मग गंभीर झाला. तो बँकेत होता, आणि बँकेतली माणसं दुसऱ्यांचे करोडो रुपये सांभाळतात पण घरात दोन दिवे लागलेले दिसले की त्यांच्या पोटात दुखतं. टॅम्पिनीसच्या फ्लॅटचे हप्ते चालू होते, लेकीची ट्यूशन होती, दरवर्षी पुण्याची वारी होतीच. लोक भारतात जाताना वाटेत बँकॉक करतात, आपण स्पेन कुठून काढलं, असं त्याचं म्हणणं. मलाही इरेला पेटायला एवढं पुरे झालं. मी ठरवलं, इतकं स्वस्तात बसवून दाखवीन की याला नाही म्हणायला तोंडच राहणार नाही.

त्यापुढची दोन वर्षं मी मालागा रचत बसले. माद्रिदपर्यंत विमान आणि तिथून पुढे बस, कारण आतलं विमान स्वस्त दिसतं आणि बॅगेचे वेगळे पैसे लावून उट्टं काढतं. दुपारचं जेवण पोटभर घ्यायचं, कारण तिथे दुपारी ठरावीक थाळी स्वस्तात मिळते. रात्री खोलीवर भात. त्यासाठी छोटा राइस कुकर, मेतकूट आणि भाजणी. तिथला किल्ला कुठल्या वारी फुकट असतो, तेही मला पाठ झालं होतं. स्पॅनिश मुलीने तर कमालच केली. तिची आई एकटी असायची, जुन्या कोळीवस्तीत, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. एक खोली पाहुण्यांना द्यायची. माझी मैत्रीण येतेय म्हणून तिने आईकडून अगदी घरच्या भावात खोली ठरवून टाकली. जेवणाच्या सुट्टीत ती मला स्पॅनिश वाक्यं शिकवायची. हे केवढ्याला, बस कुठे थांबते, पाणी मिळेल का, ती आली आहे, ती आली नाही, ती उद्या येईल. मी ती एमआरटीत पुटपुटत यायचे आणि शेजारचे लोक जरा सरकून बसायचे.

सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा लाइन खरखरत होती. आम्ही जूनच्या सुट्टीत मालागाला जाणार, असं मी म्हटलं. त्यांनी 'मुलगा' एवढंच ऐकलं आणि एकदम आवाज फुटला त्यांचा. कितवा महिना, असं विचारलं. मग मी नीट फोड करून सांगितल्यावर पलीकडून बराच वेळ काहीच आलं नाही, आणि नंतर, बरं, जाऊन या, असं आलं. आम्हाला एकच लेक आहे आणि त्याबद्दल त्यांनी मला कधी वाकडा शब्द म्हणून बोलून दाखवला नाही. त्यांचं न बोलणंच सणसणीत असायचं.

आता नावाची भानगड सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे नव्या सुनेला नाव ठेवतात. दोन्ही अर्थांनी ठेवतात, पण पहिला कार्यक्रम लग्नाच्याच दिवशी असतो. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने त्यात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं. माझं माहेरचं नाव नेमकं सासूबाईंच्या नणंदेचं निघालं. त्या दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. स्वतःच्या घरात मी उठता-बसता त्या बाईच्या नावाने हाका मारणार नाही, असं सासूबाईंनी साखरपुड्यातच जाहीर केलं होतं. मला विचारलं नाही असं नाही. आवडलं ना, असं नवऱ्याने विचारलं. फक्त तोवर तांदळात लिहून झालं होतं, वर पेढे वाटून झाले होते आणि फोटोग्राफर माझ्या मानेपाशी दिवा धरून उभा होता.

कागदोपत्री मात्र मी काही बदललं नाही. त्यात बाणेदारपणा वगैरे नव्हता. पासपोर्ट लग्नाआधी निघालेला, डिग्री त्याच नावावर, नोकरी त्याच नावावर. कोण खेटे घालणार म्हणून राहून गेलं. मग राहिलेलं आवडायला लागलं. टॅम्पिनीसच्या घरी, गणपतीत भेटणाऱ्या बायकांत, नवऱ्याच्या मित्रांत मी त्यांनी ठेवलेल्या नावाची. सकाळी एमआरटीत बसले की ऑफिसजवळचं बोना व्हिस्टा स्टेशन येईपर्यंत मी हळूहळू अण्णांची लेक व्हायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. नाव त्यांनीच ठेवलेलं. ऑफिसात ते नाव दारावरच्या पाटीवर होतं, आणि दिवसभर कुणी ना कुणी मला त्या नावाने हाक मारायचं. माझं याहून जास्त काही मागणं नव्हतं.

फेब्रुवारीत एका विमान कंपनीने माद्रिदची तिकिटं स्वस्तात काढली. मी संध्याकाळी घरी येऊन शांतपणे बुक करते, तू हात लावू नकोस, असं नवऱ्याला बजावलं होतं. पण दुपारी त्याच्या अंगात आलं. सीट संपतील म्हणून त्याने ऑफिसातूनच तिन्ही तिकिटं काढली आणि घरी येताना खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांतून चेंडोल, म्हणजे नारळाच्या दुधातलं गारेगार गोड, बांधून आणलं. मला कागद असा दिला की जसा काही मालागाचा शोध त्यानेच लावला होता. पहिलं नाव त्याचं. दुसरं लेकीचं. तिसऱ्या ओळीत एक बाई होती. तिचं नाव त्याने तांदळात लिहिलेलं, मधलं नाव त्याचं, आडनाव त्याचं. असा पासपोर्ट असलेली बाई माझ्या माहितीत तरी कुणी नव्हती.

"ही कोण?" मी विचारलं.

तो चमचे शोधत होता. "कोण म्हणजे? तूच की ती."

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो हसला. खरं सांगते, चुकीचा मला राग आला नव्हता. चूक कुणाच्याही हातून होते. हसला, त्याने माझ्या डोक्यात सणक गेली. कारण हसताना त्याच्या तोंडावर जे होतं ते नवल होतं. अरेच्चा, हिला अजून ते नाव आहे होय, असं नवल. इतक्या वर्षांच्या संसारात तो माझं नाव चक्क विसरला होता. व्हिसा, कायम राहण्याचा परवाना, लेकीची शाळा, सगळे कागद मीच निस्तरायचे, त्यामुळे ते नाव वाचायची वेळच त्याच्यावर आली नव्हती. भांडायला समोर कुणी लबाड माणूस असता तर बरं झालं असतं. इथे एक बिनलबाड माणूस चेंडोल खात बसला होता.

विमान कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी अगदी गोड बोलत होती. एखाद्या अक्षराची चूक असती तर सुधारून दिली असती, म्हणाली, पण हे नाव पूर्णच वेगळं आहे. तिकीट रद्द करता येईल, पैसे मिळणार नाहीत, नवं काढायचं तर आजच्या भावाने. मी तिला लग्न, सासर, चालीरीती असं सगळं इंग्रजीत समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, आमच्या दृष्टीने ही दुसरी व्यक्ती आहे." इतक्या वर्षांत माझी बाजू कुणीतरी पहिल्यांदा बरोबर मांडली होती, आणि नेमकं तेव्हाच मला ती खोडून काढायची होती.

आजचा भाव म्हणजे तिघांच्या तिकिटांना लागले तेवढे पैसे माझ्या एकटीच्या तिकिटाला. घरात दोन दिवस भांड्यांचेच काय ते आवाज येत होते. तिसऱ्या दिवशी जेवताना नवऱ्याने तोडगा काढला. माझा पासपोर्ट त्या वर्षी संपतच होता, स्पेनच्या व्हिसासाठी तो आधी नवा करून घ्यावाच लागणार होता. मग त्यातच नाव बदलून टाक, तो म्हणाला. आमटी वाढून घेता घेता म्हणाला.

मी म्हटलं, तिकीट चुकलं म्हणून माणसाने पासपोर्ट बदलायचा?

"माणसाने कशाला. लग्न झालेल्या बाईने," तो म्हणाला. "सगळ्या बदलतात. तूच राहिली होतीस."

मी म्हटलं, मी माझ्या पगारातून नवं तिकीट काढते. तर तुझा पगार, माझा पगार असं आपल्यात कधीपासून झालं, असं विचारून तो दुखावला. हाच माणूस मी साडीच्या दुकानापाशी रेंगाळले की तुझ्या पगारातून घे हं, असं लांबूनच सांगायचा. मी ते बोलून दाखवलं. मग त्याने माझा अहंकार काढला, मी त्याच्या आईची नणंद काढली, आणि गाडी कुठल्या कुठे गेली. शेवटी त्याने ताट सरकवलं.

"तू ठरव मग. तुला नाव पाहिजे का मालागा पाहिजे?"

लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. ती दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिला हा सगळा वेडेपणा वाटला असणार. "जस्ट चेंज लाह, आई," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. तिच्या वर्गातल्या चायनीज मुलांना दोन-दोन नावं असतात, एक घरी आणि एक शाळेत, आणि त्यावरून कुणी रडत नाही, असं तिने मला समजावलं. मी रडत नव्हते. तसं तिला सांगितलं आणि उठून भांडी घासायला घेतली.

पुण्याला बातमी पोचायला वेळ लागला नाही. सासूबाईंना विलक्षण आनंद झाला. देवाच्याच मनात होतं, म्हणाल्या. मी इतकी वर्षं मनात ठेवून गप्प होते, पण कागदावर वेगळं आणि घरात वेगळं हे बरं दिसत नाही, शेवटी सगळं आपापल्या जागी येतं. विमान कंपनीच्या रूपाने देव धावून आला, हे त्यांनी पुढे बऱ्याच जणींना सांगितलं.

मी नवऱ्याचं ऐकलंच कशाला, असं मला लोक विचारतात. विचारतात म्हणजे, मीच विचारते. कुणी माझा गळा धरला नव्हता. नवरा अडून बसला असता तर मीही अडून बसले असते. पण तो तर दुसऱ्या दिवशी सगळं विसरून लेकीला पोहायला घेऊन गेला. मला मालागा हवं होतं, एवढंच खरं. दोन वर्षं त्या गावाच्या गल्ल्यांतून मी नकाशावर बोट फिरवत हिंडले होते. त्या दोघांना तिथे धाडून, टॅम्पिनीसच्या खिडकीत उभी राहून, आता ते किल्ल्यावर असतील, असं म्हणायची माझी तयारी नव्हती. मी स्वतःशी म्हटलं, नाव ते काय, घरी दारी तेच तर चालतंय. असं म्हणून म्हणून मी ते स्वतःच्या गळी उतरवलं.

पासपोर्टात पहिलं नाव बदलायचं तर प्रतिज्ञापत्र लागतं आणि पेपरात जाहिरात द्यावी लागते. पुण्यातल्या माझ्या भावाने ती दिली. मी अमुक, यापुढे तमुक या नावाने ओळखली जाईन. अण्णांना आपण सांगू या, असं मी भावाला म्हटलं होतं, पण सांगायचं धाडस दोघांनाही झालं नाही. अण्णा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, हे आम्हाला काय माहीत नव्हतं? त्यांचा फोन आला तेव्हा मी बाजारात होते. हातात पालकाची जुडी होती.

जाहिरात वाचली, असं ते म्हणाले. नीट छापलीय, म्हणाले. मी तिकिटाचं सांगायला लागले तर त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं, हूं हूं केलं, दर किती झालेत विमानांचे, म्हणाले. मग त्यांनी विचारलं,

"तुला आता हाक काय मारू मी?"

मी म्हटलं, असं काय हो अण्णा, आहे तीच मारा. तर नाही, ते म्हणाले, आता ते छापून आलंय. त्यांच्या आवाजात राग असता तर मी झेलला असता. ते खरंच विचारत होते, पाहुण्याला चहा किती साखरेचा विचारावा तसं. त्यानंतर ते मला फोनवर नुसतं 'बाळ' म्हणायला लागले. माझ्या भावाच्या लेकीलाही ते बाळच म्हणतात, त्यामुळे स्पीकरवर फोन असला की आम्ही दोघी एकदम ओ देतो.

नवा पासपोर्ट आला. जुन्याचा कोपरा कापून तो परत दिला. नवऱ्याने तिकीट शेजारी ठेवून एक एक अक्षर ताडून पाहिलं आणि जमलं म्हणाला. व्हिसाही विनातक्रार मिळाला. ऑफिसात मात्र मी कुणाला काही सांगितलं नाही. परत आल्यावर सांगू, असं म्हटलं. स्पॅनिश मुलीलाही सांगितलं नाही. तिला सांगायचं तर तांदळापासून सुरुवात करावी लागली असती, मग नणंद, मग तिकीट. आणि एवढं सगळं ऐकून ती जे विचारणार होती, तेच मला नको होतं. ती आपली उत्साहात आईला फोन करून सांगत राहिली. मैत्रीण येतेय, तिचा नवरा आणि मुलगी आहे बरोबर, तिला मासे खाऊ घाल.

जूनमध्ये गेलो. प्रवासाचं काही सांगत नाही, सगळं मी आखलं होतं तसंच झालं. माद्रिदला बस वेळेवर मिळाली. बाहेर उन्हात ऑलिव्हची झाडं मागे मागे जात राहिली आणि नवरा हिशोब करून करून खूश होत होता. एवढ्या पैशात आपण बालीला पण गेलो नसतो, म्हणाला. मला शाबासकी दिली. दुपारी मालागाला उतरलो, कोळीवस्तीत पत्ता शोधून काढला. गल्ल्यांत दारं लावलेली होती, सगळीकडे झोप पसरलेली. दोन गल्ल्यांपलीकडे समुद्र आहे हे वासावरून कळत होतं.

स्पॅनिश मुलीची म्हातारी आई दारात आमची वाट बघत उभीच होती. ठेंगणी, कमरेला एप्रन, हसरी. तिच्या मागे आतल्या खोलीच्या दारावर एक कागद चिकटवला होता आणि त्यावर रंगीत पेनाने, मोठ्या अक्षरांत माझं नाव काढलं होतं. अण्णांनी ठेवलेलं. तिच्या लेकीने फोनवर एक एक अक्षर सांगितलं असणार आणि हिने बसून लिहिलं असणार. भोवती दोन मासेही काढले होते.

तिथे पाहुण्यांचे पासपोर्ट बघून नोंद करावी लागते. तिने चष्मा लावला. नवऱ्याचा बघितला, लेकीचा बघितला, माझा बघितला. मग कागदाकडे पाहिलं. मग आमच्या मागे जिन्याकडे पाहिलं, आणखी कुणी चढून येतंय का ते. तिने माझ्याकडे बघून माझं नाव घेतलं, मधल्या 'ळ'चा 'ल' करून, आणि प्रश्नार्थक हात केला. मी ओ द्यायला तोंड उघडलं, तर तिच्या बोटांत माझा पासपोर्ट उघडा होता.

नवरा पुढे झाला. माझ्याकडे बोट दाखवून सेम सेम, सेम लेडी, असं मोठ्याने म्हणाला. मोठ्याने बोललं की परक्या माणसाला कळतं, अशी त्याची समजूत आहे. म्हातारीला एक अक्षर कळलं नाही. तिने पुन्हा माझ्याकडेच बघितलं आणि पुन्हा ते नाव घेतलं. कुठे आहे ती, असं ती विचारत होती. एवढं स्पॅनिश मला येत होतं. उत्तरही येत होतं.

"नो आ वेनीदो," मी म्हटलं. ती आली नाही.

म्हातारीचा चेहरा उतरला. अरेरे, असं काहीतरी म्हणाली. तिने दारावरचा कागद अलगद सोडवला, घडी करून एप्रनच्या खिशात ठेवला. मग पासपोर्ट डोळ्यांजवळ धरून, त्यातलं नाव अडखळत अडखळत वाचून, मला आत या म्हणाली.